दोन स्टुलांचं कपाट

अंबुजाबाई गेल्या, असा निरोप आला तेव्हा मी चेन्नईत, शोळिंगनल्लूरच्या सिग्नलला ऑफिसच्या बसमध्ये होते. माझ्या सईच्या शाळेतल्या त्या ग्रंथपाल. तंजावरी मराठी बोलणाऱ्या, ठेंगण्या, आणि ‘शांतता पाळा’ म्हणत स्वतःच खळखळून हसणाऱ्या. रडू आलंच; पण पाठोपाठ मनात आलं... आता त्या कपाटाचं काय होणार?

कपाट भुताखेतांच्या, काळ्या जादूच्या इंग्रजी कादंबऱ्यांचं. आठवी-नववीची पोरं त्यावर तुटून पडायची. सई आठवीत असताना, असली पुस्तकं शाळेत असावीत का, हे ठरवायला आम्हा काही पालकांना बोलावलं होतं. सईचे बाबा त्याच उन्हाळ्यात गेले होते आणि पोरगी तोंडाला कुलूप लावून बसली होती. तिला हवं होतं नेमकं मेलेला बाप घरी परत येतो ते पुस्तक! मी ठणकावलं, “हे शाळेत नको म्हणजे नको.” अंबुजाबाईंनी मात्र सगळं कपाट वाचलं होतं. निव्वळ रक्त सांडणारी पुस्तकं त्यांनी आधीच काढून टाकली होती. उरलेल्यांना एकच नियम. ती एकट्याला मिळायची नाहीत. दोघांनी मिळून वाचायची. कपाटापुढे स्टुलंही दोनच.

“भय येणं चूक नव्हे मा,” त्या मला म्हणाल्या. “एकलीनं भिणं, ते चूक. सईला जोडी कोण्ही नाही. तूच ये.”

नाक मुरडतच गेले. दर शनिवारी आम्ही मायलेकी त्या स्टुलांवर बसून वाचायचो. गोष्टीतला बाप दारात उभा राहतो आणि मुलगी भीतीनं दार उघडत नाही, त्या पानावर सई थांबली. “आई, मी उघडलं असतं गं...” बाबांबद्दल ती पहिल्यांदाच बोलली. मग दोघी पोटभर रडलो. अंबुजाबाईंनी पाण्याची बाटली आणून ठेवली आणि बाहेर जाऊन दार लोटून घेतलं. माझ्या छातीवरचा धोंडाच उतरला. पुढच्या बैठकीत कपाट राहावं म्हणून सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

गेल्या आठवड्यात सईला घेऊन शाळेत गेले. ती आता कॉलेजात आहे. कपाट जागेवर होतं. स्टुलंही दोन... हुश्श झालं! नव्या ग्रंथपाल म्हणाल्या, “नियम तोच आहे. बाईंनी मला बजावलंय.” सईनं तेच पुस्तक काढलं, एका स्टुलावर ती बसली, दुसऱ्यावर मी. वाचायला लागण्याआधी मात्र ती उठली, आणि अंबुजाबाईंनी तेव्हा लोटलेलं ते दार सताड उघडून आली.