दत्तूकाकांनी दिलेली साईड

शर्यतीच्या ट्रॅकच्या भिंतीवर दरवर्षीच्या ट्रक-शर्यतीचा इतिहास रंगवलाय: वर्ष, ट्रक, जिंकणाऱ्याचं नाव. सुरुवातीची सगळी नावं परदेशी. आपले ड्रायव्हर तेव्हा ट्रक नुसते दारापर्यंत आणून सोडायचे. त्यांना शर्यतीत घ्यायला आयोजकांना कितीतरी वर्षं लागली.

ड्रायव्हरांसाठी हायवेवर विश्रांतिगृहं हवीत, या मागणीची पत्रकं वाटायला मी तिथे गेले होते. भिंतीपुढे दत्तूकाका उभे होते. तीस वर्षं हायवेवर घालवलेला माणूस. गेल्या शर्यतीत शेवटच्या फेरीपर्यंत तेच पुढे होते. मागच्या ट्रकने दिवे मारले आणि काकांनी खिडकीतून हात काढून त्याला चक्क साईड दिली! सगळं मैदान हसलं. भिंतीवर त्या मागच्याचं नाव चढलं.

"काका, शर्यतीत कुणी साईड देतं का?"

"हात आपोआप गेला गं. मागच्याच्या गाडीत आजारी माणूस असंल, असं वाटतं बघ."

मला हसणाऱ्यांचाच संताप आला. अरे, याच सवयीच्या जिवावर तुम्ही रोज धडधाकट घरी पोचता! पण इतिहास लिहायचा तो पुढे गेलेल्याचा. वाट देणाऱ्याला भिंतीवर बोटभर जागा नाही.

"यंदा उतरताय ना?"

"तर! लेकीला सांगून आलोय, औंदा नाव लावूनच येतो."

"आणि मागच्यानं दिवे मारले तर?"

काका हसले. "एका हातानं ट्रक वळत न्हाई गं. न्हाईतर उजवा मांडीखालीच दाबून बसलो असतो."