काळा स्पंज

दुपारचं जेवण झालं की मी हॉलमधल्या दिवाणावर आडवा होतो. झोप अशी लागतच नाही हल्ली, नुसती गुंगी येते. समोर मासे पाळायची नवी टाकी चालू आहे. तिच्या फिल्टरची घरघर ऐकता ऐकता डोळे जड होतात. टाकीत पाणी आहे, वाळू आहे, मासा मात्र एकही नाही. तरी मी रोज तिच्यात चिमूटभर खाणं टाकतो. ते कुजून अमोनिया होतो, अमोनियावर जगणारे जिवाणू हळूहळू वाढतात आणि ते पुरेसे झाले की मगच पाणी माशाला मानवतं, असं दुकानदार म्हणाला. शेजारचे हुद्दार मला खुळा समजतात. समजोत बापडे.

नलू टाकीपाशी उभी आहे. माझी बायको जाऊन अख्खा पावसाळा उलटलाय, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी मी म्हणतो, "पदर भिजेल."

"भिजू दे. अहो, माझी जुनी टाकी कुठंय?"

नेमकं हेच विचारायला नको होतं.

"अक्कानं धुतली. तुझं तेरावं झालं, सुतक फिटलं, म्हणून माझ्या बहिणीनं भांडी, पडदे, उंबरे, सगळं घर धुवून काढलं. तुझ्या फिल्टरचा स्पंजसुद्धा नळाखाली धरून पांढरा होईस्तोवर चोळला. वर मलाच दाखवायला आणला. किती घाण साठवली होती म्हणे नलूनं!"

"त्या घाणीतच तर सगळे जिवाणू होते," नलू म्हणते आणि चक्क हसते. मला तिचा रागच येतो.

"हसतेस काय? मासे एकेक करत गेले. शेवटी टाकीही तडकली. तो काळा गोल्डफिश तेवढा उरलाय, बादलीत ठेवलाय. मी अक्काशी बोलत नाही."

"बोला हो. माझ्यासाठीच धुतलं त्यांनी."

मी परीक्षानळीत टाकीचं पाणी घेतो, औषधाचे थेंब टाकतो. पाणी हिरवं होतं. म्हणजे अमोनिया अजून उतरलेला नाही. नळी नर्सच्या हातात आहे. टाकीची काच म्हणजे डायलिसिसच्या खोलीची काच आहे आणि नलू आत पलंगावर पडलीय. तिचं रक्त नळ्यांतून मशीनमध्ये जातंय, धुऊन परत येतंय. घरघर तीच.

"आज किती आलं?" ती विचारते.

"जास्तच आहे," मी म्हणतो. कशाबद्दल विचारतेय, ते मला कळत नाही.

मी काचेतून आत जातो. बादली माझ्या हातात आहे. "ह्याला सोडू का आता टाकीत? बादलीत तडफडतोय गं."

"अमोनिया उतरल्याशिवाय नका."

"मरेल तो."

"टाकीत सोडलात तर आजच मरेल."

"मला तो जगायला हवाय, नलू. तुझ्या हातचं जिवंत असं तेवढंच राहिलंय घरात."

ती उशीखाली हात घालून स्पंज काढते. काळाकुट्ट, बुळबुळीत, पाणी गळणारा. चादर खराब होते.

"नव्या टाकीत पिळा. धुऊ नका."

"मग वाचेल?"

"नाही हो. त्याला उशीर झाला."

"मग मी कुणासाठी पाणी तयार करत बसू?"

"तयार तर असू दे," ती म्हणते आणि कुशीवर वळते. भेटायची वेळ संपली, असं नर्स सांगते. मी स्पंज घट्ट धरून ठेवतो.

डोळे उघडतात तेव्हा ऊन भिंतीवर आलंय. मी उठून आधी बादलीपाशी जातो. काळा वर आलाय, एका अंगावर. बोटानं हलवतो तरी हलत नाही. मी तिथंच खाली बसतो आणि हुंदका येतो तो येऊ देतो.

तोंड पुसायला हात वर करतो, तर उजव्या तळव्याला काळपट शेवाळी चिकटा. बोटांच्या बेचक्यांत, नखांत, सगळीकडे. तळ्यासारखा वास. सवयीनं मी बेसिनपाशी जातो, नळ सोडतो आणि लगेच बंद करतो.

टाकीपाशी येऊन हात आत घालतो, बोटं एकमेकांवर चोळत राहतो. पाणी गढूळ होतं. फिल्टर ते ओढून घ्यायला लागतो.