लॉक स्क्रीनवरचे बाबा

बाबांचं वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं आणि आईने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. "भिंतीवरच्या फोटोत ते लयच गंभीर दिसतेत रे बाबू. तुह्या कॉम्प्युटरवर दुसरे लाव. बदलत राहतीन असे." हॉलमधल्या कॉम्प्युटरसमोर ती दुपारी तूर निवडत बसते. मशीन लॉक झालं की पडद्यावर कुठले तरी परदेशी समुद्र येतात, त्यांचा तिला वीट आला होता.

मी कचेरीत दिवसभर कॉम्प्युटरच बडवतो, तेव्हा हे काम चुटकीसरशी होईल असं वाटलं. जुन्या अल्बमचे फोटो मोबाइलने काढून ठेवलेलेच होते. त्यातले बाबांचे एका फोल्डरमध्ये टाकले, लॉक स्क्रीनला स्लाइडशो निवडला, फोल्डर दाखवला आणि मोकळा झालो.

तेवढ्यात बोरी अरबहून आत्याचा, म्हणजे बाबांच्या मोठ्या बहिणीचा, फोन आला. मी हौसेने सांगायला गेलो, तर तिने आवाज खाली आणला. "त्यात तुही माय हाये का? जित्या बाईचा फोटो गेलेल्या मानसाच्या जोडीनं लावत नसतेत, बाप्पा."

आमच्याकडे हार घालायचा फोटो करताना स्टुडिओवाला शेजारच्या माणसाला कापून काढतो, हे मला माहीत होतं. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण बाबा गेल्यापासून मी घाबरट झालोय. आई नुसती खोकली तरी हातातलं टाकून धावतो.

मग बसलो कापायला. पंचाईत अशी, की बाबांचा एकट्याचा फोटो जवळपास नव्हताच. बाभुळगावच्या लग्नात आई शेजारी, कपाशीच्या वावरात आई शेजारी, दारव्ह्याच्या बाजारातही आई शेजारीच. सगळीकडून तिला कापलं. काही फोटोंत बाबांच्या खांद्यावर तिची बोटं तेवढी राहिली, ती काही केल्या निघेनात.

मशीन लॉक केलं आणि माझं डोकंच चालेना. कापलेले बाबा एकदाही दिसले नाहीत, आणि आई मात्र बाबांना चिकटून हजर. फोल्डर उघडून पाहिला, त्यात आई नव्हती. पुन्हा लॉक केलं, तर पुन्हा आई. मशीन बंद करून सुरू केलं, तरी तेच. भुताटकी म्हणायची की माझा गाढवपणा, कळेना. शेवटी सेटिंगच्या तळाशी दोन बटणं सापडली. एकामुळे मशीन मोबाइलवरून आलेले सगळे फोटो स्वतःहून उचलत होतं. दुसऱ्यामुळे पडद्यात नीट मावतील असे आडवेच फोटो घेत होतं. आईला कापल्यावर बाबांची अरुंद उभी पट्टी उरली होती, म्हणून मशीनने बाबांनाच बाद केलं होतं. कारण कळलं, पण मशीनलाही आईशिवायचे बाबा चालत नाहीत असं वाटून मी आणखीच गोंधळलो. तरी दोन्ही बटणं बंद केली.

आता बाबा एकटे आले, पडदाभर मोठे झालेले, खांद्यावर चार बोटं. आई तूर निवडायला स्वयंपाकघरातून सूप घेऊन बाहेर आली आणि उभ्याउभ्याच पाहत राहिली.

"हा हात माहाच हाय ना?"

"हो."

"मंग मी कुठी गेली?"

मी आत्याचं बोलणं सांगितलं. आई रागावली नाही.

"तुही आत्या म्हणते तशी रीत हायेच," ती म्हणाली. "पण वरीसभर मी इथं एकटी राहून राह्यली, बाबू. आता त्यायलेही तिथं एकटंच ठेवतं का?"

मला रडूच आलं. तिच्यासमोरच मी कापलेले फोटो काढून मूळचे परत टाकले. भीती गेली म्हणून नव्हे, ती आजही आहे. श्राद्धाला आत्या येईल, याच हॉलमध्ये बसेल, आणि तिला काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही.