गाडी एक, चालवणारे चार

वडीगोद्रीच्या चौकात उजवीकडं वळायचं होतं, तर मी इंडिकेटरऐवजी वायपर लावला. भर उन्हात कोरड्या काचेवर तो खर्र खर्र फिरायला लागला. मागच्या जीपवाल्यानं हॉर्नवर ठेवलेला हात उचललाच नाही.

"पाऊस आला का रे?" मागच्या सीटवरून माझी थोरली बहीण, अक्का, म्हणाली. गाडीत हशा झाला. मीही हसलो, आणि त्या नादात वायपर बंद करायचा राहिला.

मुलीच्या लग्नाच्या पत्रिका वाटायला निघालो होतो. आमच्याकडं पत्रिका नुसती फोनवर पाठवली तर लोक येतात, पण जन्मभर बोलून दाखवतात. घरी जाऊन, कुंकू लावून, हातात अक्षता देऊनच बोलावणं करायचं. सोबत भावकीतला वडीलधारा पाहिजे. तो मान माझ्या काकांचा. म्हणून काका पुढं, मांडीवर पत्रिकांची पिशवी. मागं बायको आणि अक्का. गाडी एक, चालवणारे चार.

"लिंबापाशी वळ," काका म्हणाले.

"काका, तो लिंब रस्ता रुंद केला तेव्हाच तोडला," अक्का म्हणाली.

"मंग लिंब जिथं होता तिथं वळ!"

लोक म्हणतात, गाडी चालवताना माझं लक्ष नसतं. साफ खोटं. माझं लक्ष सगळीकडं असतं, घोळ तिथंच आहे. बांगड्या, पिशवीची चुरचुर, हॉर्न, काचेवरचं ऊन, सगळं एकाच वेळी आत घुसतं आणि समोरचा रस्ता मागं पडतो. डोळे तपासले, कान तपासले. डॉक्टर म्हणाले, बिलकुल ठीक. या ठीक कानांचं मी काय करू? इतरांना म्हणे नको ते आवाज ऐकूच येत नाहीत. माझ्या डोक्यात गाळणी बसवायची राहून गेली, आणि वरून मलाच विचारतात, "एवढं काय झालं ओरडायला?"

चौकाच्या पुढं उसाचा ट्रॅक्टर आडवा आला. मागं दोन ट्रॉल्या, चालवणाऱ्याच्या डोक्यावर कपाटाएवढे स्पीकर. ऊस कारखान्याला चाललाय का वरातीला? मागच्या ट्रॉलीला साधा लाल दिवा नाही, पण गाण्याला कमी नाही. छाती हादरत होती. त्याला कुणी हटकत नाही. वेड्यात मी निघतो, कारण मी काच वर घ्या म्हणतो.

"काढ पुढं, जागा आहे," काका.

"नको रे, थांब!" अक्का.

"अहो, व्याह्यांचा फोन वाजून राह्यलाय," बायको.

मी गाडी अर्धी बाहेर काढली होती. समोरून मोटारसायकल आली. मागं बाई, तिच्या मांडीवर लेकरू.

"गप बसा सगळे!" मी ओरडलो, आणि मग कुठं ब्रेक मारून गाडी ट्रॉलीमागं घेतली. मोटारसायकल मुरुमावर उतरून, झोकांडी खाऊन निघून गेली. त्या बाईनं माझ्याकडं पाहिलं. मी गाडी कडेला थांबवली.

काकांनी पिशवी माझ्याकडं सरकवली. "मला गप बस म्हणला? मला स्टँडवर सोड. तुझ्या पोरीचं लग्न तू कर."

तळपायाची आग मस्तकात गेली. आत्ता एक लेकरू वाचलं होतं, आणि गाडीत विषय काय, तर मानपान! पण काका रुसले की अर्धी भावकी रुसणार, आणि मांडवात माझी लेक कोण कोण आलं नाही ते बघत बसणार.

बायको पुढं वाकली. "काका, चूक आमची. सगळेच बोलाय लागल्यावर वडीलधाऱ्याला काय मान राह्यला? आता रस्ता फक्त तुम्ही सांगायचा. आम्ही चकार शब्द काढणार न्हाई."

काकांनी पिशवी परत मांडीवर घेतली आणि स्वतःच्या हातानं काच वर केली. गाव येईस्तोवर ते "डावीकडं" आणि "हळू" याशिवाय काही बोलले नाहीत.

संध्याकाळी घरी आल्यावर मी जीपवाला, ट्रॅक्टरवाला, काका, सगळ्यांचा उद्धार केला. बायकोनं चहा ठेवत ठेवत सगळं ऐकून घेतलं.

"तुमचं सगळं बराबर आहे," ती म्हणाली. "पण आधी गाडी आवरायची, मंग ओरडायचं. तुम्ही आधी ओरडलात. उद्या आष्टीकडं जायचंय."