टिटवीच्या घरट्यावर माझी ओढणी

लेक नोकरीसाठी पुण्याला गेली आणि धुळ्यातलं, देवपूरचं घर एकदम शांत झालं. मी तिला दिवसातून चार-चारदा फोन करायला लागले. जेवलीस का, खोलीवर पोचलीस का. मार्चअखेरीच्या एका सकाळी नवरा म्हणाला, "तिला जरा सोड. कुठेतरी जाऊन पक्षी बघून ये." मी दुर्बीण गळ्यात अडकवली.

धुळ्याहून साक्रीला पहाटेपासून एसटी मिळते. साक्रीच्या स्टँडवरच पोहे खाऊन घ्या, पुढे चहाची टपरीही नाही. तिथून गावापर्यंत रिक्षा, आणि गावामागच्या तलावापर्यंतचा शेवटचा टप्पा पायी.

तलावाचं पाणी या दिवसांत मागे सरकत जातं. उघड्या पडलेल्या गाळावर गावकरी काकडी, खरबूज लावतात. काठाला शेकाटे आपले लांब गुलाबी पाय जपून उचलत हिंडत होते. पलीकडे हळदीकुंकू बदकांची जोडी. दोन तास कसे गेले कळलं नाही.

काकडीच्या वेलांना पाणी घालणाऱ्या सुमनअक्कांनी मला जवळ बोलावलं. दोन ओळींमध्ये सुपाएवढी जागा त्यांनी खुरपलीच नव्हती. मधोमध टिटवीची चार अंडी, मातीच्याच रंगाची. घरटं सापडलं की तेवढी जागा सोडून काम करायचं, ही तिथली रीत.

अक्का भाकरी आणायला घरी गेल्या. ऊन चढत होतं आणि अंडी उघडी. मला राहवलं नाही. दोन काठ्या रोवून वर ओढणी ताणली आणि बाभळीखाली समाधानाने बसले. टिटवी मात्र डोक्यावर ओरडत घिरट्या घालत राहिली. खाली काही उतरेना.

भाकरी घेऊन येणाऱ्या अक्का लांबूनच अहिराणीत म्हणाल्या, "ताई, हाई काय करं?"

"सावली केली, अक्का. ऊन लागत होतं."

"तुन्ही सावलीले ती भ्यायनी. काढ, नही तं अंडा भाजाई जातीन."

मी धावत जाऊन ओढणी काढली.

"पोर शे का तुले?"

"आहे. पुण्याला असते."

"तिले बी अशीच झाकस का?" अक्का हसल्या. मला हसू आलं नाही.

आम्ही बाभळीखाली बसून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा खाल्ला. माझी नजर त्या जागेवरून हलत नव्हती. बऱ्याच वेळाने टिटवी पाण्याच्या कडेला उतरली. पोटाची पिसं भिजवली, तुरुतुरु चालत आली आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसली.

"दिनभर पानी आनस ती," अक्का म्हणाल्या.

निघताना अक्कांना माझा नंबर दिला आणि चारच्या एसटीने परतले. ओढणीला गाळाचा डाग पडला होता, तो धुतल्यावरही पुसटसा राहिला.

दोन आठवड्यांनी अक्कांचा फोन आला. "तीन पिल्ला निंघनात, ताई. एक अंडं तसंच राह्यनं."

"माझ्यामुळे?"

"काय माहीत. होस असं बी."

संध्याकाळी पुन्हा फोन वाजला. लेक होती. "आई, आज तुझा फोनच नाही?"

"नाही केला," मी म्हटलं. "तू सांग, कशी आहेस?"

आणि ती कितीतरी वेळ आपणहून बोलत राहिली.