काळेवाडीत काढलेली दृष्ट

सकाळी चिंचवडला ट्रॅव्हल्समधून उतरले तेव्हा पाय सुजले होते, पण जीव नुसता नाचत होता. आमचं गाव परभणीकडचं. निघताना मालकांनी बजावलं होतं, "शहर बघ, हिंड, फिर. पण शीतलला घेऊनच ये. तिथं आजारी पडली तर हाकेला कोण हाय तिच्या?" लेक वर्षभर चाकणच्या कंपनीत, त्यामुळं त्यांचंही खोटं नव्हतं. मी मनात म्हटलं, बघू की, माझेही दोन डोळे शाबूत आहेत.

शीतल थर्ड शिफ्ट (रात्रभर काम, सकाळी सुटका) करून कंपनीच्या बसनं थेट मला घ्यायलाच आली. काळेवाडीतली तिची खोली चौथ्या मजल्यावर. प्रत्येक दारापुढं चपला आणि आत सामसूम. नऊ वाजले तरी माणसं झोपलेली! आमच्याकडं उन्हं वर आल्यावर कुणी अंथरुणात दिसलं तर गावभर चौकशी होते.

शीतलही अर्धं धपाटं (ज्वारीचं तिखट थालीपीठ) खाऊन आडवी झाली. बारा वाजले तरी पोरगी हलेना. हाक मारली तर नुसतं "हूं". चेहरा ओढलेला. नक्की दृष्ट! मीठ, मोहरी, सात सुक्या मिरच्या तिच्यावरून ओवाळल्या आणि तापल्या तव्यात टाकल्या. दृष्ट असली की ठसका लागत नाही म्हणतात. इथं असा लागला म्हणता, की अख्खा मजला उठून बसला.

"शीतलच्या खोलीतनं धूर येतोय! शीतल, बाहेर ये!" धडाधड दारं उघडली. शेजारच्या दोन पोरींनी शीतलला चादरीसकट ओढून जिन्यात नेलं. समोरचा कणकवलीकडचा दादा बनियनवरच बादली घेऊन आला आणि तवा, मी, माझं नवं लुगडं, सगळं चिंब करून मोकळा झाला.

"काय पेटलं, काकी?"

"दृष्ट काढली रे बाबा. पोरगी उठंना."

"अहो काकी, रात्रपाळी करून झोपलोय आम्ही. मेलेलो नाय!"

सगळे खोकत खोकत हसत होते. लाज वाटली, खरं सांगते. पण लाजेहून जास्त बरं वाटलं. संध्याकाळी मजल्यावरच्या सगळ्यांना धपाटी करून घातली.

दुसऱ्या दिवशी शीतलला सुट्टी होती. पिंपरीहून मेट्रोत बसलो. खाली कारखान्यांची लांबच लांब छपरं, मधेच हिरवीगार झाडं. शेजारच्या बाईंनी विचारलं, "पहिल्यांदा आलात?"

"व्हय, पण शेवटचं न्हाई," मी म्हटलं.

मग मिसळ खाल्ली, नाक पुसत पुसत. चाकणच्या रस्त्याला तर एका ट्रकवर सात-आठ कोऱ्या गाड्या! शीतल म्हणाली, "आई, असल्या गाड्यांचे भाग मी तपासते." मी रस्त्यातच तिच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

निघायच्या दिवशी तिनं हळूच विचारलं, "बाबांनी तुला कशाला पाठवलंय ते माहीत आहे मला. माझी बॅग भरू?"

"तुझी कशाला? जा, कंपनीची बस चुकेल तुझी," मी म्हटलं. पोरगी गळ्यातच पडली.

गावच्या स्टँडवर मालक उभे होते. माझ्यामागं बघत म्हणाले, "शीतल?"

"कामावर गेली."

"अगं, पण तिथं हाकेला..."

"बघून आले," मी म्हटलं. "माझा ठसका थांबायच्या आत पाच दारं उघडली, आन् सगळ्यांच्या तोंडी आपल्या पोरीचं नाव."