शेवंताबाईला कळलं का?

दामूअण्णा गेल्याचं मला मोबाइलवर कळलं आणि मी विश्वास ठेवला नाही. तालुक्याच्या ग्रुपवर त्यांचा फोटो, खाली जोडलेले हात आणि 'ज्येष्ठ पत्रकार काळाच्या पडद्याआड'. कधी गेले, कशाने गेले, कुणी सांगितलं... एक अक्षर नाही. अण्णांनी असली बातमी लिहिणाऱ्याच्या तोंडावर परत फेकली असती. मी आधी त्यांच्या घरी फोन लावला, मग शेजारच्या किराणा दुकानात. दोघांनी तेच सांगितलं तेव्हा खरं मानलं. माणूस गेल्याचीसुद्धा दोन ठिकाणी खात्री करायची, ही खोड त्यांनीच लावलेली.

अण्णा शहापूरहून एका दैनिकाला बातम्या पाठवायचे. मी किन्हवलीहून एसटीने कॉलेजला यायचे आणि बातमीदार व्हायचं खूळ डोक्यात होतं, म्हणून त्यांच्या मागे लागले. पहिल्याच बातमीत मी लिहिलं, 'परिसरात संतापाची लाट उसळली आहे.' अण्णांनी शांतपणे विचारलं, "किती माणसं रागावली? नावं सांग." दोन निघाली, त्यातला एक माझा काका. लाट तिथेच ओसरली. 'सूत्रांकडून समजते' दिसलं की ते चष्म्यावरून बघायचे. "सूत्राला आईबापानं नाव ठेवला नाय का गो?" काय घडलं ते पहिल्या वाक्यात हवं, कोण साहेब आले आणि कुणी नारळ फोडला ते शेवटी, जागा उरली तर. आणि ज्याच्यावर आरोप, त्याला विचारल्याशिवाय कागद हलायचा नाही. तो शिव्या देईल, असं मी एकदा म्हटलं. "देऊ दे. शिव्या दिल्या असा लिहू."

खरी परीक्षा पुढेच होती, तहसील कचेरीसमोर, शेवंताबाईच्या चहाच्या टपरीवर. बाईंना वाचता येत नाही. अण्णा बाकड्याच्या टोकाला, स्टोव्हजवळ बसून प्रत्येक बातमी त्यांना वाचून दाखवायचे आणि विचारायचे, "सांग आता, काय झाला?" चहा गाळता गाळता बाईंनी ती नीट परत सांगितली तर बातमी जायची. त्या अडखळल्या तर चूक लिहिणाऱ्याची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पदवीच्या वर्गातल्या मुलीला चहावाली पास-नापास करणार!

मग उंबरमाळीकडच्या एका पाड्याची बातमी हाती लागली. घरोघरी नळ बसले होते, पाणी थेंबभर नव्हतं. ठेकेदाराने पाइप स्वतःच्या फार्महाउसकडे वळवला, असं मी ठोकून दिलं. मला पाड्यावरच्या एकाने सांगितलं होतं, त्याला आणखी कुणीतरी. अण्णांकडे कागद देऊन मी संध्याकाळच्या गाडीने घरी गेले. छापून आलं तेव्हा नळ होते, कोरडे हंडे होते, ठेकेदार मात्र गायब! आणि त्याच आठवड्यात अण्णांना मी एसटी स्टँडसमोर त्या ठेकेदाराच्या जीपमधून उतरताना पाहिलं. हसत होते... मला आणखी काय हवं होतं? "म्हातारा मॅनेज झाला," मी भेटेल त्याला सांगितलं. मुरबाडला दुसऱ्या पेपरचं काम धरलं आणि चार वर्षं त्यांच्याशी बोलले नाही. एकदा बाजारात त्यांनी हाक मारली, "सविता, थांब गो जरा." मी ऐकू न आल्यासारखं करून रस्ता ओलांडला. ती हाक आता रोज ऐकू येते.

दहाव्यानंतर टपरीवर गेले तेव्हा शेवंताबाईंनी स्वतःहून विषय काढला. "तुजी ती नळाची बातमी अण्णांनी वाचली मला. मी बोलली, पाइप वळवलेला कोनी बघितला? मंग त्यांनी ठेकेदाराच्या नावावर काट मारली. आनि गुडघा दुखत व्हता तरी गेले बघायला. ठेकेदाराला इचारला. तो बोलला, चला दाखवतो, त्यानंच जीपनं आणून सोडला."

"मग पाइप दिसला का?"

"मातीखाली काय दिसतंय? खणल्याबिगर कसा सांगनार, बोलले."

हे सगळं खरं असेल. नसेलही. बाईंचा अण्णांवर जीव, त्या त्यांचीच बाजू घेणार. शिवाय सांगणारं माणूस एकच, आणि एकाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा नाही हे मला शिकवणारा गेला. ठेकेदाराकडे जाऊन आले, तो हसून म्हणाला, "अण्णा देवमाणूस." त्या हसण्याने संशय कमी झाला नाही, उलट वाढलाच. मला आता कधीच कळणार नाही, आणि याची चीड येते. माझी मलाच.

अण्णांच्या आठवणींच्या या पुरवणीसाठी लेख मागितला तेव्हा मी 'परखड', 'निःस्पृह' वगैरे लिहिलं होतं. पुरावा सापडेना, ते शब्द काढले. उरलेलं घेऊन परवा टपरीवर गेले. बाकड्याच्या टोकाला कुणी बसत नाही, बाई बसू देत नाहीत. मी मधे बसून सगळं वाचलं आणि विचारलं, "सांगा आता, काय झालं?"

बाईंनी चहा गाळला. "तुला वाटला अण्णा इकले गेले. तू गावभर सांगितलास. चार वर्सं बोलली नायस." गाळणी आपटून रिकामी केली आणि माझ्याकडे बघितलं. "आनि त्यांना इचारलास कवा?"

"नाय विचारलं."

"मंग तसा लिव."

लिहिलं.